चांदीपुरा : एका विषाणूचे नाव, कुळ आणि संहिता

१९६५ साली नागपूर शहरात व त्याच्या आसपास तापाची मोठी साथ आली. ती मुख्यतः चिकुनगुन्या व डेंग्यू ह्या दोन विषाणूंची होती, हे पुढे निश्चित झाले. परंतु पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्या वेळी रुग्णांच्या रक्ताचे जे नमुने तपासले, त्यांपैकी दोन प्रौढ रुग्णांच्या नमुन्यांत तिसराच एक विषाणू निघाला. तो ज्ञात विषाणूंपैकी कोणाशीही जुळेना. पी. एन. भट्ट व एफ. एम. रॉड्रिग्ज ह्या संशोधकांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नागपूर परिसरातील ज्या वस्तीशी तो निगडित होता तिच्यावरून त्यास 'चांदीपुरा' असे नाव दिले. प्रयोगशाळेच्या दप्तरात त्याचा क्रमांक ६५३५१४ असा पडला. त्यानंतर अडतीस वर्षे हे नाव विशेषज्ञांच्या सूचींत पडून राहिले. २००३ साली आंध्र प्रदेशात लहान मुलांमध्ये मेंदूज्वराची भयानक साथ उद्भवली. नोंदल्या गेलेल्या ३२९ मुलांपैकी १८३ मुले दगावली. त्या मुलांच्या नमुन्यांत पुण्याच्या संशोधकांना आढळला तो हाच विषाणू होय.

अडतीस वर्षे जो ज्ञात होता, त्याचे खरे स्वरूप इतका काळ अज्ञात कसे राहिले, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. एखादी वस्तू 'ज्ञात आहे' असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणत असतो, असा तो प्रश्न आहे. प्रस्तुत लेखक भाषाविज्ञानाचा अभ्यासक आहे, जीवशास्त्राचा नव्हे. तथापि चांदीपुऱ्याचा इतिहास वाचीत असता त्यास वारंवार असे जाणवले की, ह्या विषाणूला आधी नाव मिळाले, मग त्याचे कुळ ठरले, मग त्याची संहिता वाचली गेली. आणि अर्थ मात्र ह्या तिहींच्याही मागून, लंगडत आला. अज्ञात लिपीतील लेखांच्या अभ्यासाचा क्रमही बहुधा असाच असतो. त्या क्रमाने हा वृत्तान्त मांडण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम संस्थेविषयी थोडे. विषाणू संशोधन केंद्राची स्थापना १९५२ साली पुणे येथे झाली. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व अमेरिकेचे रॉकफेलर प्रतिष्ठान ह्यांचा तो संयुक्त उपक्रम होता. डास, गोचिडी इत्यादी संधिपाद प्राण्यांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा शोध हे त्याचे मुख्य कार्य. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली व पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडू लागली, तेव्हा त्या रोगाचा विषाणू ह्याच केंद्राने वेगळा काढला आणि केंद्राचे नाव जगभर झाले. १९६७ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठान ह्या कार्यातून बाजूस झाले. १९७८ पासून हे केंद्र राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ह्या नावाने ओळखले जाते. आमच्या विषयाच्या वाचकांस आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्या प्रतिष्ठानाने पुण्यात विषाणूंच्या अभ्यासास हातभार लावला, त्याच प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९५४ नंतरच्या वर्षांत त्याच शहरातील डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाच्या शाळा भरल्या व भारतातील आधुनिक भाषाविज्ञानाची एक पिढी तेथे घडली. दोन्हीकडे क्षेत्रात जाऊन नमुने गोळा करावयाचे, त्यांची नोंद ठेवावयाची आणि ते परस्परांशी ताडून पाहावयाचे, हीच शिकवण होती. दोन संस्थांत काही देवघेव झाली असे येथे सुचवावयाचे नाही; पण एका शहरात, एका काळी, एका पैशावर दोन तौलनिक शास्त्रे वाढली हे खरे.

तौलनिक हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. त्या काळी विषाणू 'वाचता' येत नसे. रुग्णाचे रक्त उंदराच्या तान्ह्या पिलाच्या मेंदूत टोचीत. पिलू आजारी पडले की त्याच्या मेंदूचा अंश दुसऱ्या पिलास देत आणि अशा रीतीने विषाणू हाती येई. तो कोणता, हे ठरविण्यास मात्र एकच मार्ग होता : ज्ञात विषाणूंविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांनी युक्त असा रक्तरस घ्यावयाचा आणि तो ह्या नव्या विषाणूस निष्प्रभ करतो काय ते पाहावयाचे. डेंग्यूच्या रक्तरसाने नवा विषाणू पूर्ण निष्प्रभ झाला तर तो डेंग्यूच. थोडासा झाला तर त्याचा नातलग. मुळीच झाला नाही तर परका. न्यूयॉर्क येथे जॉर्डी कासाल्स ह्यांनी अशाच प्रतिक्रियांच्या आधारे १९५४ च्या सुमारास विषाणूंचे 'अ', 'ब' इत्यादी गट पाडले. चिकुनगुन्या 'अ' गटात, तर डेंग्यू व क्यासनूर 'ब' गटात पडले. फ्रान्झ बॉप किंवा त्याच्यानंतरचे पंडित ज्या रीतीने मूळ भाषा डोळ्यांपुढे नसताना शब्दांच्या व रूपांच्या साम्यावरून कुळे ठरवीत, तीच ही रीत. वस्तूचे अंतरंग ठाऊक नसले तरी तिचे नाते ठरविता येते, हा तौलनिक पद्धतीचा मोठा गुण आहे. चांदीपुऱ्याच्या बाबतीत ह्या पद्धतीने दिलेले उत्तर नकारार्थी होते : हा परका आहे.

तरीही त्याला एका मोठ्या घरात जागा मिळाली. संधिपाद प्राण्यांकरवी पसरणारे सर्व विषाणू त्या काळी एकाच नावाखाली, 'आर्बोव्हायरस' म्हणून, गणले जात. चांदीपुरा हा असाच एक नवा विषाणू म्हणून जाहीर झाला. हे नाव कुळाचे नव्हे, शेजाराचे आहे. भिन्न कुळांतील भाषा एका प्रदेशात दीर्घकाळ नांदल्या म्हणजे त्यांत समान लकबी येतात, हे एमेनो ह्यांनी १९५६ मध्ये 'भाषिक क्षेत्र' ह्या कल्पनेने मांडले. मराठी व कन्नड ह्यांतील साम्ये पाहून दोघी सख्ख्या बहिणी आहेत असे कोणी म्हणत नाही. आर्बोव्हायरस हाही असाच एक क्षेत्रवाचक समूह होता. डास व गोचिडी ह्यांचा आश्रय ही त्यातील समान लकब. अशा समूहांचा उपयोग असतो, पण त्यांवरून वंशावळ लिहिता येत नाही.

नावाविषयी येथे थोडे विषयांतर करणे क्षम्य ठरावे. नमुना जेथे मिळाला त्या जागेचे नाव विषाणूस देण्याची प्रथा त्या काळी सार्वत्रिक होती, आणि पुण्याच्या केंद्राने ती पाळल्यामुळे महाराष्ट्रातील कित्येक लहान गावे जगाच्या विषाणुसूचीत जाऊन बसली. रायगड परिसराला परिचित असे 'उंबरे' हे नाव तेथे आहे. पुण्यातील वानवडी येथील गोचिडीत सापडलेला विषाणू इंग्रजी वळणाने 'वानोरी' म्हणून नोंदला गेला. दोन स्वरांमधील आपला मूर्धन्य ड इंग्रजी कानाला र ऐकू येतो, त्याचा हा कायमचा पुरावा. चांदीपुरा हे नाव रोमन लिपीत गेले की त्याचा पहिला स्वर दीर्घ की ऱ्हस्व आणि मधला वर्ण दंत्य की मूर्धन्य, हे कळण्यास मार्ग उरत नाही. मूळ गावच्या नावात चांदी आहे की चंडी, असा प्रश्न त्या लिपीतून परत आणणाऱ्या अनुवादकाला पडावा, इतकी ती लिपी आपल्या वर्णांच्या बाबतीत मुकी आहे. प्रस्तुत लेखक नव्या मुंबईत खाडीकाठच्या करावे गावाशेजारी राहतो. एखादा नवा विषाणू तेथील डासात सापडला असता तर 'करावे विषाणू' असे नाव जगाने विनातक्रार स्वीकारले असते, आणि मराठी वाचक मात्र त्यातील क्रियापदापाशी अडखळत बसला असता. आता हा संभव उरला नाही. नव्या रोगांस स्थळांची नावे देऊ नयेत, त्यामुळे त्या स्थळांस व तेथील लोकांस विनाकारण कलंक लागतो, असे मार्गदर्शन जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१५ मध्ये केले. जुनी नावे तशीच राहिली. चांदीपुऱ्याला आता 'व्हेसिक्युलोव्हायरस चांदीपुरा' असे द्विपदी शास्त्रीय नाव आहे. गावाचे नाव पुसले गेले नाही. त्याला लॅटिन उपरणे तेवढे मिळाले.

१९६७ च्या त्या पहिल्या लेखातील एक निरीक्षण मात्र पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. नव्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे इतरत्र कोठे आढळतात काय, हे पाहण्यासाठी देशाच्या निरनिराळ्या भागांतील माणसांचे व जनावरांचे रक्तरस तपासण्यात आले. ती आढळली, आणि पुष्कळ ठिकाणी आढळली. म्हणजे हा विषाणू नागपूरचा चुकार पाहुणा नव्हता. देशभर लोकांच्या रक्तात त्याच्या भेटीची खूण होती. पण त्या भेटीत काय घडले, कोण आजारी पडले, हे कोणासच सांगता येत नव्हते. कोशकाराला असा अनुभव येतो. एखादा शब्द दूरदूरच्या शिलालेखांत सापडतो, त्याचे रूप निश्चित होते, प्रसार निश्चित होतो. आणि अर्थाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह राहते. पुढील काळात आणखी काही स्थळे मिळाली. महाराष्ट्रात वाळूमाश्यांमध्ये हा विषाणू सापडला, तेव्हा त्याचा वाहक डास नसून भिंतींच्या भेगांत व गोठ्यांच्या ओलसर कोपऱ्यांत राहणारी ती बारीक माशी असावी असे दिसू लागले. आफ्रिकेत नायजेरियातील साळूसारख्या काटेरी प्राण्यात आणि सेनेगलमधील वाळूमाश्यांत तो मिळाला. १९८० साली जबलपूर येथे मेंदूविकाराच्या एका रुग्णात तो आढळला. हा शेवटचा पुरावा अर्थाच्या सर्वांत जवळचा होता. परंतु एकाच ठिकाणी आलेल्या प्रयोगावरून शब्दाचा अर्थ ठरविण्यास कोशकार धजत नाही, आणि वैद्यकही धजले नाही.

कुळाचा प्रश्न दरम्यान सुटला, तो आकृतीवरून. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चांदीपुऱ्याचा कण बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो : एक टोक गोलाकार, दुसरे सपाट. ही आकृती रेबीजच्या विषाणूची, तसेच अमेरिकेत गुरांच्या व घोड्यांच्या तोंडात फोड आणणाऱ्या एका विषाणूची. ह्या गटास ग्रीक भाषेतील काठीवाचक शब्दावरून ऱ्हॅब्डोव्हायरस असे म्हणतात. गुरांच्या त्या विषाणूशी चांदीपुऱ्याचे नाते इतके निकट ठरले की, आज दोघे एकाच प्रजातीसमूहात गणले जातात. हा शोध फार सुदैवाचा होता. कारण गुरांचा तो विषाणू प्रयोगशाळेत सहज वाढतो, म्हणून जगभरच्या रेणुजीवशास्त्रज्ञांनी त्याच्यावर बारकाईने काम केले होते. चांदीपुऱ्याविषयी आपणास जे कळले त्याचा बराचसा भाग ह्या प्रसिद्ध चुलतभावाकडून उसना आलेला आहे.

आता संहितेकडे वळू. १९५३ मध्ये डीएनएची द्विसर्पिल रचना उलगडली आणि १९५८ मध्ये क्रिक ह्याने आनुवंशिक माहितीच्या प्रवाहाची दिशा मांडली : डीएनएमधून आरएनए, आरएनएमधून प्रथिन. पहिल्या पायरीला प्रतिलेखन व दुसरीला भाषांतर म्हणण्याचा प्रघात पडला, आणि ह्या दोन्ही शब्दांची निवड भाषाविज्ञानाच्या दृष्टीने चांगली आहे. पहिल्या पायरीत लिपी तीच राहते, केवळ प्रत तयार होते. दुसरीत चार अक्षरांच्या लिपीतून वीस घटकांच्या दुसऱ्याच एका लिपीत मजकूर जातो. तीन-तीन अक्षरांचा कोणता गट कोणत्या घटकास दर्शवितो, ह्याचा कोश १९६१ ते १९६६ ह्या काळात निरेनबर्ग, खोराना व इतरांनी पूर्ण केला. म्हणजे नागपुरात तो नमुना घेतला जात होता त्याच वर्षी अमेरिकेत त्याची अक्षरे लावण्याची किल्ली घडविली जात होती. दोन्हींची गाठ पडावयास आणखी दोन दशके जावी लागली.

विषाणूंच्या बाबतीत मात्र क्रिकच्या क्रमातील पहिले पद नेहमी असतेच असे नाही. तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या विषाणूत डीएनए मुळीच नसते. १९५६ मध्ये गीरर व श्राम ह्यांनी दाखविले की, त्याचे केवळ आरएनए पानावर चोळले तरी रोग होतो. त्याचा अर्थ असा की, ते आरएनए पेशीला सरळ वाचता येते. चांदीपुऱ्याचेही सर्व धन आरएनएचेच, सुमारे ११,००० अक्षरांचा एकच धागा. परंतु हा धागा वेगळा काढून पेशीत घातला तर काहीच घडत नाही. कारण तो उलटा आहे. छापखान्यातील खिळ्यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. खिळ्यावरचे अक्षर उलटे कोरलेले असते. खिळ्यांकडे पाहून मजकूर वाचता येत नाही, कागदावर ठसा उमटला म्हणजे येतो. चांदीपुऱ्याचा धागा म्हणजे जुळविलेले खिळे. पेशीपाशी आरएनएवरून आरएनए छापणारे यंत्र नसते, म्हणून ह्या विषाणूस आपला छापखाना सोबत घेऊन यावे लागते. गुरांच्या विषाणूच्या कणातच असे प्रतिलेखक प्रथिन बांधून आलेले असते, हे १९७० साली डेव्हिड बाल्टिमोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. पुढच्याच वर्षी बाल्टिमोर ह्यांनी सर्व विषाणूंची त्यांच्या संहितेच्या जातीवरून जी वर्गवारी मांडली, तिच्यात उलट्या धाग्याच्या विषाणूंस स्वतंत्र वर्ग मिळाला.

ह्या ११,००० अक्षरांत जनुके अवघी पाच आहेत. त्यांना रोमन आद्याक्षरांनी एन, पी, एम, जी व एल असे म्हणतात, आणि ती ह्याच क्रमाने धाग्यावर बसलेली आहेत. एन हे प्रथिन आरएनएला गुंडाळून ठेवते. पी प्रतिलेखकाचे साहाय्यक. एम कणाला आकार देते. जी हे कणाच्या बाहेर काट्यांसारखे उभे राहून पेशीला धरते. आणि एल हा स्वतः प्रतिलेखक, ज्याच्या जनुकाने एकट्याने धाग्याचा निम्म्याहून अधिक भाग व्यापला आहे. आता ह्यांपैकी कोणते प्रथिन किती निर्माण व्हावयाचे, हे कसे ठरते? मोठ्या जीवांत त्यासाठी जनुकांचे चालू-बंद करणारे नियामक असतात. येथे तशी सोय नाही. प्रतिलेखक धाग्याच्या एका टोकानेच आत शिरतो व ओळीने एकेक जनुक छापीत पुढे सरकतो. प्रत्येक सांध्यापाशी काही प्रतिलेखक गळतात. गुरांच्या विषाणूत सुरुवातीच्या सांध्यांवर ही गळती सुमारे तीस टक्के असल्याचे मोजले गेले आहे. चातुर्मासात देवळात पोथी लागते तेव्हा पहिल्या अध्यायाला मंडप भरलेला असतो आणि प्रत्येक अध्यायाअखेरीस काही मंडळी उठतात, तसा हा प्रकार. म्हणून एन सर्वांत अधिक व एल सर्वांत कमी. आणि विषाणूची गरजही तीच आहे : गुंडाळणारे प्रथिन पुष्कळ लागते, छापणारे थोडे पुरते.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास येथे थांबून विचार करावासा वाटेल. मराठीत 'रामाने रावणाला मारले' आणि 'रावणाला रामाने मारले' ह्या दोन वाक्यांत मारणारा बदलत नाही, कारण कर्ता व कर्म ह्यांची ओळख विभक्तिप्रत्यय करून देतात. ज्या भाषेत प्रत्यय नाहीत तेथे स्थानच अर्थ ठरविते. ह्या विषाणूच्या संहितेला विभक्ती नाही. जनुकाचे बळ त्याच्या स्थानावर आहे. हा केवळ दृष्टान्त नव्हे. १९९८ मध्ये वर्ट्झ व बॉल ह्यांच्या प्रयोगशाळेत गुरांच्या विषाणूतील एन जनुक पहिल्या स्थानावरून उचलून मागील स्थानांवर बसविण्यात आले. एकही जनुक वगळले नव्हते, केवळ क्रम बदलला होता. तरी विषाणूची वाढ मंदावली आणि उंदरांवरील त्याची घातकताही घटली.

तरीसुद्धा संहिता, व्याकरण, भाषांतर ह्या शब्दांचा मोह आवरला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भाषेला बोलणारा असतो आणि ऐकणारा असतो. दोघांत संकेत ठरलेला असतो व तो मोडताही येतो. विषाणूचा कोणी वक्ता नाही. पेशी त्याचे ऐकते असे म्हणणे हे काव्य आहे. जी साम्ये खरी आहेत ती लेखनाशी आहेत, बोलण्याशी नव्हेत : नक्कल, नकलेतील चुका, पाठभेद आणि पाठभेदांवरून काढलेली वंशावळ. ह्याच कारणास्तव रेणुजीवशास्त्राला भाषाविज्ञानापेक्षा पाठचिकित्सा अधिक जवळची आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांची तुलना करून चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे चांदीपुरा सापडला त्याच्या दुसऱ्याच वर्षी.

चांदीपुऱ्याची अक्षरे प्रत्यक्ष लावण्यास आरंभ झाला तो अमेरिकेत. १९८७ साली पॉल मास्टर्स व अमिय बॅनर्जी ह्यांनी त्याची पहिली दोन जनुके वाचून ती गुरांच्या विषाणूच्या जनुकांशी ताडली. एन जनुकात दोघांचे साम्य चांगलेच दिसले. त्यालगतचे पी जनुक, ज्यास तेव्हा वेगळे नाव होते, ते मात्र इतके बदललेले की नाते ओळखणे कठीण. नातेवाचक, संख्यावाचक, अवयववाचक शब्द शतकानुशतके टिकतात व बाकीचा शब्दसंग्रह झपाट्याने पालटतो, हे आपणास परिचित आहे. येथेही कुळ टिकून आहे ते एन जनुकात. पुढे कलकत्ता विद्यापीठात ध्रुवज्योती चट्टोपाध्याय व त्यांच्या विद्यार्थ्यांनी ह्या विषाणूचे प्रतिलेखन कसे नियंत्रित होते ह्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. ह्या सर्व काळात चांदीपुरा हा प्रयोगशाळेतील एक सोयीचा, निरुपद्रवी समजला जाणारा अभ्यासविषय होता.

मग २००३ चे वर्ष आले. मुलाला सकाळी ताप यावयाचा, उलट्या, झटके, शुद्ध हरपणे, आणि पुष्कळदा दोन दिवसांच्या आत मृत्यू. महाराष्ट्राच्याही काही भागांत रुग्ण आढळले. बी. एल. राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याहून जो तपास केला त्याचा वृत्तान्त २००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात आला. तो वाचताना एक गोष्ट विशेष लक्षात भरते. त्यात गेल्या पन्नास वर्षांतील प्रत्येक पद्धत पुन्हा हजर आहे. जपानी मेंदूज्वर इत्यादी नेहमीचे संशयित नाकारले गेले. सहा रुग्णांकडून विषाणू वाढवून वेगळा काढला गेला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गोळीची आकृती दिसली, म्हणून ऱ्हॅब्डोव्हायरसांकडे लक्ष गेले. मग जुने रक्तरस बाहेर काढून निष्प्रभीकरणाच्या चाचण्या झाल्या आणि नवा विषाणू चांदीपुऱ्याच्या रक्तरसास बळी पडला. सर्वांत शेवटी जी जनुकाचा काही भाग वाचून १९६५ च्या मूळ संहितेशी ताडला गेला. सुमारे ९७ टक्के अक्षरे जुळली. मरण पावलेल्या एका मुलाच्या मेंदूतही विषाणूचे आरएनए आढळले.

ही ताडणी शक्य झाली ह्याचे कारण असे की, क्रमांक ६५३५१४ पुण्यात जपून ठेवलेला होता. १९६५ साली जो विषाणू दोन ज्वरग्रस्तांपलीकडे कोणाच्या उपयोगाचा नव्हता, त्याची कुपी व त्याविरुद्धचा रक्तरस केंद्राने टाकून दिला असता तर २००३ मध्ये ऱ्हॅब्डोव्हायरस इतकेच कळले असते, कोणता ते ठरविण्यास अधिक काळ लागला असता. निरुपयोगी भासणाऱ्या नोंदींच्या जतनाचा खर्च दरवर्षी मंजूर करून घेणे किती कठीण असते, हे हस्तलिखित-संग्रहांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांस सांगावयास नको.

पण ९७ टक्के साम्याचा अर्थ काय? १९६५ मध्ये साधा ताप आणणारा विषाणू २००३ मध्ये मुलांचा काळ ठरला, तो उरलेल्या तीन टक्क्यांमुळे काय? टक्केवारीवरून ह्याचे उत्तर निघत नाही. विदर्भाला दुर्दैवाने सुपरिचित असलेल्या सिकलसेल रोगात रक्तरंजकाच्या जनुकातील एकच अक्षर बदललेले असते. त्याने होणारा प्रथिनातील एका घटकाचा फरक इन्ग्राम ह्यांनी १९५७ च्या सुमारास दाखविला. उलट शेकडो अक्षरे बदलूनही काहीच फरक पडू नये, असेही घडते. शिवाय विषाणू मुळीच बदलला नसेल, मुले पूर्वीही अशीच मरत असतील आणि कोणी ह्या विषाणूसाठी तपासणी केली नसेल, हाही पर्याय आहे. तो अधिक अस्वस्थ करणारा आहे.

लॅन्सेटमधील त्या लेखाच्या शीर्षकात आंध्रची साथ चांदीपुरा विषाणूशी 'संबद्ध' असल्याचे म्हटले आहे, त्यामुळे 'झालेली' असे म्हटलेले नाही. शास्त्रीय लेखनात अशा एका कृदन्ताचे वजन फार असते. हा खरोखर मेंदूचा दाह होता, की मेंदूच्या रक्तप्रवाहात उद्भवलेला अवरोध, ह्यावर पुढे जाहीर वाद झाला. विषाणू सापडला सर्वांस मान्य होते. तो सापडणे म्हणजे मृत्यूचे कारण सापडणे काय, ह्यावर एकमत नव्हते. वादाची ही जागा फार उद्बोधक आहे. संहिता अक्षरशः वाचून झालेली, पाठ निश्चित झालेला, वंशावळ लागलेली. आणि टीकाकार विचारतो आहे की, ह्या वाक्याचा येथे अर्थ काय. पुढील वर्षांत गुजरातेत, तसेच विदर्भात नागपूर, भंडारा, गोंदिया ह्या जिल्ह्यांत मुलांच्या मेंदूज्वरात हा विषाणू पुनःपुन्हा आढळला, त्यामुळे संबंधाची बाजू बळकट झाली आहे. नावाचा प्रवास अशा रीतीने पुन्हा नागपूरला येऊन पोहोचला.

२०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत, विशेषतः साबरकांठा व त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत, मुले ह्याच लक्षणांनी रुग्णालयांत येऊ लागली. जूनच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण व ८२ मृत्यू नोंदले गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने कळविले. त्यांपैकी चांदीपुरा म्हणून प्रयोगशाळेत निश्चित झालेले रुग्ण ६४ होते. आता निदानास उंदराचे पिलू लागत नाही. काही तासांत आरएनए ओळखता येते. वापरास मान्य झालेली लस अद्याप नाही, विषाणूवर थेट चालणारे औषधही नाही. रुग्णास लवकर रुग्णालयात आणून झटके व मेंदूची सूज आवरणे, आणि घरांच्या भिंती लिंपून व औषध फवारून वाळूमाशी दूर ठेवणे, एवढेच हाती आहे. उरलेल्या १८१ रुग्णांच्या नोंदीत चांदीपुऱ्याचे नाव नाही. त्यांतील काहींचे कारण दुसऱ्या विषाणूंत निघू शकते. ज्यांचे निघणार नाही त्यांचे नमुने, १९६५ च्या त्या दोन नमुन्यांप्रमाणे, जपून ठेवलेल्या कुप्यांतच राहतील.